पॉमेरेनियन पिल्लाचे दुधाचे सुळे पडत नाहीत. भूल देऊन काढावेत का? (सोलापूर)

नमस्कार.

आमच्या घरी सात महिन्यांची पॉमेरेनियन कुत्री आहे. तिचे दुधाचे बाकीचे दात वेळेवर पडले. मात्र वरचे दोन्ही आणि खालचा उजवा असे तीन सुळे अजून घट्ट आहेत आणि त्यांच्या शेजारी कायमचे सुळेही उगवले आहेत. येथील पशुवैद्यांनी हे तिन्ही सुळे पूर्ण भूल देऊन काढण्याचा सल्ला दिला आहे. घरात यावर एकमत होत नाही, म्हणून ज्यांना या शस्त्रक्रियेचा अनुभव आहे त्यांचे मत हवे आहे.

डॉक्टरांशी बोलून आणि वाचून जे समजले ते असे. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि प्रौढ कुत्र्याला ४२. दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे दात पूर्ण व्हावेत अशी अपेक्षा असते. पडलेले दात पिल्ले बहुधा गिळून टाकतात व त्याने काही बिघडत नाही; आम्हाला एकच दात फरशी पुसताना सापडला, तोही तांदळाच्या कणीएवढा, खालून पोकळ, मूळ जवळजवळ नसलेला. नवा दात वर येताना दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते आणि मग तो सुटतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. नवा दात बाजूने वर आला तर जुन्याचे मूळ शाबूत राहते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ अशा लहान जातींत हे वारंवार आढळते म्हणे.

वरचा ओठ उचलून पाहिले तर पुढे नवा, जाड सुळा दिसतो आणि त्याला खेटून मागे दुधाचा सुळा, बारीक आणि टोकदार. दोहोंच्या फटीत रोज काही ना काही अडकलेले असते: केस, भाकरीचा कण, टॉवेलचा धागा. तेथील हिरडी लाल झाली आहे आणि तोंडाला वास येऊ लागला आहे. मला खालच्या सुळ्याची अधिक काळजी वाटते, कारण खालच्या जबड्यात नवा सुळा जुन्याच्या आतल्या बाजूने येतो आणि जुना हटला नाही तर त्याला बाहेर सरकायला वाव राहत नाही. तोंड मिटताना त्याचे टोक टाळूला लागते, आणि आमच्या कुत्रीच्या टाळूवर त्याच जागी लहानसा खळगा दिसू लागला आहे.

वडिलांचे म्हणणे असे, की मळ्यावर इतकी कुत्री पाळली, कोणाचे दात कधी तपासले नाहीत, तेव्हा हिचेही आपोआप पडतील. शेजारच्या काकांनी तर पकडीने एका झटक्यात काढून देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण पकड मी लपवून ठेवली आहे. आईला भुलेची भीती वाटते, कारण कुत्री जेमतेम अडीच किलोची आहे. आणखी महिना-दोन महिने थांबणे योग्य ठरेल का? गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पुढे करायचीच आहे, तर एकाच भुलेत दोन्ही उरकता येईल का? शिवाय आमच्या पशुवैद्यांकडे दातांचा एक्स-रे काढण्याची सोय नाही. त्यासाठी बाहेरगावी न्यावे का?

प्रतिसाद १

आमच्याही पॉमेरेनियनचे वरचे दोन सुळे असेच काढावे लागले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच जागी एकाच प्रकारचे दोन दात एका वेळी असू नयेत, हा दंतवैद्यकातला साधा नियम आहे. नवा सुळा हिरडीतून वर आला की जुना निघायला हवा. तुमच्या बाबतीत टाळूवर खळगा दिसतो आहे, म्हणजे प्रश्न केवळ दिसण्याचा राहिलेला नाही. हा दाब चालू राहिला तर जखम खोल होत जाते आणि काही कुत्र्यांत तोंड व नाक यांच्यामध्ये भोक पडण्यापर्यंत वेळ येते. कोवळ्या वयात अडथळा दूर झाला, तर थोडा आत कललेला सुळा कधी कधी आपणहून जागेवर येतो. तसे न झाल्यास त्यासाठी वेगळे उपचार लागतात, म्हणून दात काढल्यानंतरही तपासणी चुकवू नये. मळ्यावरच्या कुत्र्यांचा दाखला येथे लागू पडत नाही. त्यांचे जबडे मोठे असतात आणि हा दोष मुख्यतः छोट्या जातींचा आहे.

पकडीचा विचार कोणी पुन्हा काढू नये. दुधाच्या सुळ्याचे मूळ बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षा लांब, बारीक आणि वाकडे असते. झटका दिला की ते आत मोडते आणि राहिलेला तुकडा पुढे चिघळू शकतो, शिवाय शेजारच्या कायमच्या सुळ्यालाही इजा होऊ शकते. पशुवैद्य हिरडी सोडवून, मुळाभोवतीचे बंध हळूहळू सैल करून दात अखंड काढतात, आणि त्यासाठी जनावर निश्चल असावे लागते.

भुलेबाबत आईंची भीती समजू शकते. आधी रक्ततपासणी होईल का, श्वासनलिकेत नळी घालणार का, आणि शस्त्रक्रियेदरम्यान शरीर उबदार ठेवण्याची काय व्यवस्था आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. इतक्या लहान जातींत अंग लवकर गार पडते आणि रक्तातील साखरही लवकर उतरते, त्यामुळे उपाशी किती वेळ ठेवायचे हे स्वतः न ठरवता त्यांच्याकडूनच समजून घ्या. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच भुलेत करण्याची पद्धत सर्रास आहे. मात्र गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दात खोळंबून ठेवू नका.

प्रतिसाद २

एक्स-रेमुळे मुळाची लांबी आधी कळते आणि ते पूर्ण निघाले की नाही याची खात्री होते, म्हणून तो असलेला बरा. उदगीर आणि शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे आधी फोन करून दातांच्या शस्त्रक्रियेची सोय विचारावी. प्रवास करायचाच असेल तर पहाटे निघा. सोलापूरच्या उन्हात दुपारी गाडीत एवढ्या केसाळ कुत्रीला नेणे हेच भुलेपेक्षा धोक्याचे ठरेल.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वडील तयार झाले आहेत. येथील डॉक्टरांनी मूळ मोडल्यास काय करणार हे नीट समजावले, तरी एक्स-रेसाठी शिरवळला विचारणा करून मगच तारीख ठरवणार आहोत.

आता पुढच्या काळजीविषयी विचारतो. दात शिवशिवतात म्हणून आम्ही टॉवेलचा तुकडा ओला करून फ्रीजमध्ये गार करून देतो (सोलापुरात टॉवेलांना काय तोटा!) आणि कडक भाकरीही देतो, कारण ती चावल्याने दात स्वच्छ होतात असे अनेकांनी सांगितले. हे चालू ठेवावे का? आणि आपलीच टूथपेस्ट वापरली तर चालेल का?

प्रतिसाद १

टॉवेल समोर बसूनच द्यावा. धागे सुटू लागले की काढून घ्यावा, कारण गिळलेला धागा आतड्यात अडकू शकतो. कडक भाकरी दाताचे टोक लागताच तुटते, त्यामुळे खरी घाण जेथे साचते त्या हिरडीच्या कडेला ती पोचतच नाही. खाऊ म्हणून साधा तुकडा चालेल, मात्र शेंगा चटणी लावलेला नको, कारण तिच्यातील लसूण कुत्र्यांना बाधतो. मटणाची हाडे आणि बर्फाचे खडे टाळावेत. नखाने दाबल्यावर जराही न दबणारी वस्तू दात मोडू शकते.

शस्त्रक्रियेनंतर हिरडी भरेपर्यंत अन्न मऊ द्यावे आणि ब्रश डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करावा. दुखते म्हणून घरातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मुळीच देऊ नये. ब्रश रोज करणे उत्तम, कारण दातांवरचा मऊ थर दोन-तीन दिवसांतच कडक कीटण होऊ लागतो आणि मग ते ब्रशने निघत नाही. माणसांची टूथपेस्ट वापरू नये: कुत्री ती थुंकत नाहीत, गिळतात. तिच्यातील फ्लोराइड आणि फेस आणणारे घटक पोटाला त्रास देतात, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी असणारे झायलिटॉल तर कुत्र्यांना थेट विषारी आहे. त्याने रक्तातील साखर एकदम उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. कुत्र्यांसाठीची पेस्ट मिळेपर्यंत बोटाला ओले सुती फडके गुंडाळून दातांची बाहेरची बाजू पुसली तरी पुरे.