सवयीचं अ‍ॅप : युजर फ्लो आणि पहिली कच्ची स्केचेस कशी करावीत?

कोराकागद

सवय लावायला मदत करणारं मोबाइल अ‍ॅप करायला घेतलंय. दोघांचंच काम, आधी अँड्रॉइड, मग आयफोन. पहिल्या आवृत्तीत एवढंच : सवय ठरवायची, तिची आठवण यावी, झाली की टिक करायची, महिन्याचा आढावा दिसावा. लॉगिन नाही, मित्रमंडळी नाहीत, पॉइंट नाहीत.

अडलंय ते असं. फ्लो (माणूस अ‍ॅपमध्ये कुठून कुठे जातो ती वाट) आधी की स्क्रीन आधी? किती स्क्रीन पुरतात? कागदावर करावं की थेट फिग्मात (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर)? ऑनबोर्डिंगला (पहिल्यांदा अ‍ॅप उघडल्यावरच्या ओळखीच्या स्क्रीनना) काय काय विचारावं? जाणकारांनी सांगावं.

रेघोटी

फ्लो आधी. पण तो ऑनबोर्डिंगपासून काढायला घेऊ नका, टिकेपासून घ्या. ऑनबोर्डिंग एकदाच दिसतं, टिक रोज करायची असते. टिकेला दोन सेकंदांऐवजी आठ सेकंद लागले तर बाकीचं कितीही देखणं असो, माणूस आठवड्याभरात अ‍ॅप उघडायचं थांबतो.

चौकोन-बाणांची मोठी आकृती काढायची गरज नाही. जागेचं नाव लिहा, खाली आडवी रेघ मारा, रेघेखाली तिथे करता येण्यासारख्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती कुठे नेते ते लिहा :

आज
———
वर्तुळावर बोट → आज (टिक झालेली)
सवयीच्या नावावर बोट → तपशील
+ च्या खुणेवर बोट → नवी सवय
तारखेच्या पट्टीवर कालचा दिवस → आज (कालच्या तारखेसह)

चित्र काहीच नाही, त्यामुळे बटण डावीकडे की उजवीकडे यावर वाद होत नाही. सगळ्या जागा एका पानावर मावतात. तुमच्या यादीला पाच पुरतील : आज, सवयीचा अर्ज (नवी सवय आणि बदल यांसाठी एकच), तपशील आणि महिना, परवानगीची विनंती, सेटिंग. सहावी जागा लागली तर पहिल्या आवृत्तीत काहीतरी जास्तीचं शिरलंय असं समजा.

मग दारं मोजा. माणूस फक्त आयकनवरून आत येत नाही. नोटिफिकेशनवर बोट ठेवून येतो, नोटिफिकेशनमधल्याच 'झालं' बटणावरून काम उरकून जातो, विजेटवरूनही (फोनच्या मुख्य पडद्यावरची अ‍ॅपची छोटी चौकट) येतो. चारही दारांतून टिकेपर्यंत किती वेळा बोट लागतं ते पेन्सिलीने लिहा. आयकनवरून दोन (उघडणं, टिक), नोटिफिकेशनच्या बटणावरून एक. कुठे तीन आले तर तो फ्लो पुन्हा काढा.

शिसपेन्सिल

वरच्याला अनुमोदन. एक भर. स्क्रीन पाचच असल्या तरी स्केचेस पाच नसतात. 'आज' या एकाच स्क्रीनची सहा रूपं आहेत : एकही सवय नाही, सवयी आहेत पण आज एकही ठरलेली नाही, काही बाकी, सगळं झालं, काल राहून गेलं, आणि माणूस बारा दिवसांनी परत आला. बहुतेक जण 'काही बाकी' हे एकच काढतात, तेही तीन छान सवयी आणि दोन टिका असलेलं. खरी डोकेदुखी शेवटच्या दोन रूपांत आहे. आधी तीच काढा.

कागद की फिग्मा? पहिला दिवस फक्त कागद. ए-४ तीनदा दुमडा, आठ चौकोन होतात. 'बारा दिवसांनी परत आलेला माणूस' हा एकच प्रसंग घ्या, आठ मिनिटं लावा, आठ वेगवेगळ्या कल्पना काढा. पहिल्या तीन सगळ्यांना सुचतात त्याच असतात. पाचवी-सहावी जरा कामाची निघते, आठवी अनेकदा वेडगळ.

निवडलेलं मग खऱ्या मापात काढा. स्वतःचा फोन कागदावर ठेवून कडेने रेघ फिरवा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार बोट ठेवायची जागा निदान ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं अँड्रॉइडचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. अ‍ॅपलकडे ४४ पॉइंट (त्यांचं तसंच एकक). टिकेचं वर्तुळ त्याहून लहान दिसलं तरी चालेल, पण त्याभोवतीची बोटाची जागा तेवढी हवी. सातही दिवसांची वर्तुळं प्रत्येक सवयीच्या ओळीत मारायला गेलात की मापाच्या चौकटीत ती मावत नाहीत. हे लहान स्केचमध्ये कधीच कळत नाही. नाव आणि सात वर्तुळं एका ओळीत बसत नाहीत, म्हणून आठवड्याची पट्टी वर एकदाच आणि खाली फक्त आजचं एक वर्तुळ.

मजकूर खरा लिहा. 'सवय १', 'सवय २' नको. 'झोपण्यापूर्वी दहा पानं वाचणे' लिहा. मग दिसतं की नाव दोन ओळींत जातंय. फोनमधली अक्षरं मोठी करणारे बरेच असतात, तेव्हा तीच ओळ चार ओळींची होते.

घड्याळजी

स्क्रीनकडे वळण्याआधी एक प्रश्न सोडवा, नाहीतर नंतर सगळं उसवावं लागेल. 'दिवस' म्हणजे काय?

रात्री साडेबाराला पुस्तक मिटून टिक केली तर ती आजची की कालची? वाचणाऱ्याच्या मनात कालची, घड्याळात आजची. मध्यरात्रीलाच दिवस बदलला तर त्याची सलग दिवसांची ओळ तुटते आणि चिडचिड होते. सेटिंगमध्ये 'दिवस कधी बदलतो' ठेवा, मूळ किंमत पहाटे ३ किंवा ४.

नोंद साठवताना नुसती जागतिक वेळ साठवू नका. स्थानिक तारीख आणि टाइम झोनही साठवा. नाहीतर प्रवासात झोन बदलला की जुन्या टिका शेजारच्या दिवसात सरकतात. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे वर्षातून एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो, त्यामुळे 'मागच्या टिकेपासून २४ तास' असा हिशेब कधीच करू नका.

आणि दिवसाची अवस्था 'झालं / नाही झालं' एवढीच नसते. निदान पाच लागतात : बाकी, झालं, राहिलं, ठरवून सोडलं, त्या दिवशी नव्हतंच. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम ठरवला असेल तर उरलेले चार दिवस 'राहिलं' नव्हेत. या पाचांना पाच खुणा ठरवा : रिकामं वर्तुळ, भरीव वर्तुळ, आडवी रेघ, तिरक्या रेघा, आणि काहीच नाही. पेन्सिलीने काढताय हे बरंच आहे, रंगावर विसंबताच येत नाही. नुसत्या लाल-हिरव्यावर अर्थ सोपवला की रंग न ओळखणाऱ्यांना महिना कळत नाही.

कोराकागद

धन्यवाद, 'दिवस म्हणजे काय' हे डोक्यातच नव्हतं. स्ट्रीक (न चुकता सलग किती दिवस झालं याचा आकडा) ठेवावी का? आणि २१ दिवसांची मोहीम दाखवायचा विचार होता.

रेघोटी

२१ दिवस नको. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणातून आला. रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' पुढे गळून पडला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक पसारा १८ ते २५४. त्यातला २५४ आलेख पुढे ताणून काढलेला आहे, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा. म्हणून स्क्रीनवर '६६ पैकी १२' असंही लिहू नका. शेवटची रेघ कुठे मारायची हे कुणालाच ठाऊक नसतं.

तुमच्या कामाची गोष्ट त्याच अभ्यासात आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. आणि बहुतेक अ‍ॅप नेमकं त्याच दिवशी आकडा शून्यावर आणतात.

तिसरीघंटा

इथे थोडी असहमती. स्ट्रीक पूर्ण काढून टाकू नका, सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती खरंच ओढून आणते. फक्त ती मुख्य आकडा नको. 'गेल्या ३० दिवसांत २३' हा मोठा, स्ट्रीक लहान अक्षरांत. एक दिवस चुकला की २३चे २२ होतात, ४१चा शून्य होत नाही.

रेघोटी

मान्य, पण मग कालची टिक आज करता आली पाहिजे. नाहीतर 'केलं होतं, नोंदवायचं राहिलं' यावरून स्ट्रीक तुटते, आणि त्यासारखं चिडवणारं दुसरं काही नाही. मुभा किती दिवस? दोन पुरेत. महिनाभर मागे जाता आलं तर माणूस रविवारी बसून सगळं रंगवतो आणि आढाव्याला अर्थ उरत नाही.

घड्याळजी

कोड लिहिणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा : स्ट्रीक हा आकडा साठवायचा नाही, दर वेळी नोंदींवरून मोजायचा. कालची टिक मागाहून आली की साठवलेला आकडा चुकतो.

तिसरीघंटा

आता ऑनबोर्डिंग आणि परवानगी. जास्तीत जास्त माणसं इथेच गळतात.

सुरुवातीला तीनच गोष्टी विचारा. काय करायचं, कशानंतर करायचं, कमीत कमी किती. 'कशानंतर' महत्त्वाचं. नुसती वेळ विचारली की '७:००' येतं आणि सातला माणूस भलतीकडेच असतो. पीटर गोलविट्झर यांचं 'असं झालं की मी तसं करीन' या धर्तीच्या योजनांवर बरंच काम आहे. त्यावरून अर्जच वाक्यासारखा करा :

[दात घासून झाल्यावर] मी [दोन पानं वाचीन].

दोन रिकाम्या जागा, खाली सुचवलेले चार-पाच पर्याय, एक बटण. 'कमीत कमी' तेवढंच लहान ठेवायला सुचवा. बीजे फॉग यांच्या मांडणीत वागणूक घडायला इच्छा, सोपेपणा आणि इशारा एकाच क्षणी लागतात. इच्छा तुमच्या हातात नाही, सोपेपणा आहे. नाव, वय, ध्येयं, आवडीनिवडी, स्वागताच्या चार सरकत्या स्क्रीन, सगळं गाळा.

नोटिफिकेशनची परवानगी अ‍ॅप उघडताक्षणी मागू नका. अँड्रॉइड १३पासून नव्या अ‍ॅपची नोटिफिकेशनं मुळात बंद असतात आणि विचारावं लागतं. दोनदा नकार आला की सिस्टिमची (फोनची स्वतःची) परवानगी विचारणारी चौकट पुन्हा उघडत नाही. आयफोनवर तर चौकट एकदाच. म्हणून पहिली सवय लिहून झाली, माणसाने स्वतःहून 'आठवण हवी' चालू केलं, की आधी आपली साधी स्क्रीन : 'रोज रात्री सुमारे १० वाजता एक आठवण येईल'. 'चालेल' म्हटलं तरच सिस्टिमची चौकट. 'आत्ता नको' म्हटलं तर ती वापरलीच गेली नाही, पुढे संधी शिल्लक राहते.

नकाराचा फ्लो काढायला विसरू नका. परवानगी नाही तर 'आज' स्क्रीनवर काय दिसतं? पूर्ण ओळभर पिवळी पट्टी रोज नको. सवयीच्या तपशिलात, आठवणीच्या ओळीत 'बंद आहे, फोनच्या सेटिंगमधून चालू करा' एवढं आणि तिथून थेट सेटिंगला नेणारा दुवा.

घड्याळजी

'सुमारे' शब्द बरोबर टाकलात. अँड्रॉइड १४वर नव्याने घेतलेल्या बहुतेक अ‍ॅपना ठरल्या मिनिटाला अलार्म लावायची मुभा आपोआप मिळत नाही, आणि फोन निपचित पडला असेल तर साधा अलार्म उशिराने वाजतो. त्यामुळे 'आता ठीक १० वाजलेत' असा मजकूर कधीच नको.

आयफोनची एक मर्यादा फ्लोमध्ये डोकावते. एका अ‍ॅपची पुढे लावून ठेवलेली स्थानिक नोटिफिकेशनं जास्तीत जास्त ६४. टिक झाल्यावर फक्त आजची आठवण रद्द करायची तर रोज वाजणारं एकच लावून भागत नाही, प्रत्येक दिवसाचं वेगळं लावावं लागतं. पाच सवयी म्हणजे १२ दिवसांची ६०. अ‍ॅप उघडलं की पुढची भरता येतात. न उघडणाऱ्याला मात्र तेराव्या दिवसापासून शांतता. म्हणून उरलेल्यांतलं एक तेराव्या दिवसासाठी राखून ठेवा, वेगळ्या मजकुराचं : 'आठवणी थांबवल्या आहेत. पुन्हा सुरू करायच्या?' तिथून आलेल्या माणसाला शिसपेन्सिल यांनी म्हटलेली 'परत आलेला' स्क्रीन दिसली पाहिजे.

कोराकागद

त्या स्क्रीनवर नेमकं काय असावं?

शिसपेन्सिल

वर तारीख. मधे एकच वाक्य : 'वाचन पुढे चालू ठेवायचं?' खाली तीन बटणं : 'हो, तसंच', 'कमी करून' (दोन पानांचं एक पान), 'ही सवय थांबवू'. बारा राहिलेल्या दिवसांची रांग दाखवू नका, महिन्याच्या आढाव्यात ती आहेच. 'तुमची आठवण आली' छापाचं लाडिक वाक्य आणि रडका चेहराही नको. 'थांबवू' बटण लपवू नका. ते दिसलं नाही तर माणूस अ‍ॅपच काढून टाकतो आणि उरलेल्या चार सवयीही जातात. थांबवलेल्या सवयीच्या जुन्या नोंदी ठेवा, पुसायचं वेगळं बटण सेटिंगमध्ये.

रेघोटी

हे सगळं झालं की कागदावरच तपासा. पाच जणांना बसवा, एका वेळी एक. स्क्रीनचे कागद समोर, बोट लावलं की तुम्ही कागद बदलायचा. 'हे बटण कळलं का' असं विचारू नका, प्रसंग द्या : 'काल रात्री वाचलंत, पण टिक करायचं राहिलं. आता काय कराल?' मग गप्प बसा. माणूस तारखेच्या पट्टीकडे जातो, सवयीच्या नावावर बोट ठेवतो की आजच्याच वर्तुळावर टिक करतो, तेवढं टिपा. दोघांनी आजच्या वर्तुळावर टिक केली तर पट्टी दिसतच नाहीये.

दुसरा प्रसंग : 'चुकून टिक झाली.' त्याच वर्तुळावर पुन्हा बोट ठेवून ती निघाली पाहिजे. खाली चार सेकंद दिसणारी 'परत घ्या' पट्टी एकट्याने पुरत नाही, तोवर फोन खिशात गेलेला असतो.

कोराकागद

कागदी चाचणी शनिवारी लावतो. फिग्मात कधी जायचं?

शिसपेन्सिल

दोन फेऱ्यांत नवं काही अडेनासं झालं की. फ्रेम ३६० बाय ८०० ची घ्या, सगळं करड्या रंगात, अक्षराचा एकच फॉन्ट. फुकटात आणि मुक्त हवं असेल तर पेनपॉट बघा. 'आज'ची सहाही रूपं शेजारी शेजारी ठेवा, एकाखाली एक नको, म्हणजे एकात केलेला बदल दुसऱ्यात राहून गेला तर लगेच दिसतो.