पाश्चात्य गाणी आद्याक्षराने ऐकतोय; 'द', 'अ' आणि कंसांचं काय करायचं?

रानवारा

मंडळी, इंग्रजी गाणी मी आजवर कानावर पडतील तशी ऐकली. ॲपवर एकदा 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं की ते त्याच जातीची गाणी पुढे करत राहतं. सत्तरचं दशक, गिटार, पुरुषाचा आवाज, की पुन्हा तेच. म्हणून ठरवलं: गायक बघायचा नाही, काळ बघायचा नाही, एक अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराने नाव सुरू होणारी गाणी ऐकायची.

सुरुवात 'जे'ने केली, अक्षर आटोपशीर वाटलं म्हणून. डॉली पार्टनचं 'जोलीन' (१९७३) आणि चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' (१९५८) एकापाठोपाठ आली. एकात नवऱ्यासाठी दुसऱ्या बाईपुढे पदर पसरणारी बाई, दुसऱ्यात गिटार वाजवणाऱ्या गरीब पोराचं तोंडभरून कौतुक. हे दुसरं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढून अंतराळात गेलं, हेही त्या निमित्ताने वाचलं. ही दोन गाणी कुठल्याही ॲपने मला शेजारी बसवून दिली नसती. तेव्हापासून मला याचा नाद लागला आहे.

पण आता अडलंय. 'द' किंवा 'अ'ने सुरू होणारी गाणी कुठे टाकायची? सगळी 'टी' आणि 'ए'मध्ये घातली तर ती दोन अक्षरं फुगतात. नावाचा अर्धा भाग कंसात असेल तर? 'आय' तर संपतच नाही, 'मी'ने सुरू होणारी गाणी किती असावीत! आणि 'एक्स'मध्ये ऐकण्यासारखं काही आहे का? कुणी असं ऐकलं असेल तर सविस्तर सांगा. नुसती यादी नको, गाण्याबद्दल दोन शब्द हवेत.

नोंदवही

रानवारा, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी बरीच वर्षं एका ध्वनिसंग्रहात रेकॉर्डची कार्डं लिहिण्याचं काम केलं, त्यामुळे 'द' आणि 'अ' हे माझ्या रोजच्या ओळखीचे. ग्रंथालयाची रीत सरळ आहे: सुरुवातीचे 'द', 'अ', 'ॲन' लिहायचे, पण क्रम लावताना मोजायचे नाहीत. तुम्हीही तसंच करा. नुसती सोय म्हणून सांगत नाही, त्यात ऐकण्याचाही फायदा आहे.

सॅम कुक या कृष्णवर्णीय गायकाचं 'अ चेंज इज गॉना कम' घ्या. 'अ' सोडला की ते 'सी'मध्ये जातं. त्याच्या शेजारच्या 'बी'मध्ये बॉब डिलनचं 'ब्लोइन इन द विंड' आहे, १९६३ चं. आता गंमत बघा, हे शेजारपण नुसतं अक्षरांचं नाही. डिलनचं गाणं ऐकून कुक हलून गेला होता. वर्णद्वेषाबद्दलचे इतके थेट प्रश्न एका गोऱ्या तरुणाने विचारले, मग आपण का नाही, ही बोचणी त्याच्या गाण्यामागे होती. ते १९६४ च्या सुरुवातीला अल्बममध्ये आलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कुक गोळीबारात गेला. दोन्ही गाणी त्याच क्रमाने ऐका. डिलन एक गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन प्रश्न विचारतो. कुकमागे अख्खा वाद्यवृंद उभा आहे, आणि त्याचा आवाज प्रश्न विचारत नाही, तो ठामपणे सांगतो.

तसंच 'द साउंड ऑफ सायलेन्स' 'एस'मध्ये. सायमन आणि गारफंकल यांनी ते १९६४ मध्ये नुसत्या गिटारवर गायलं, अल्बम पडला, दोघांची जोडीही फुटल्यात जमा होती. पुढच्या वर्षी निर्माता टॉम विल्सनने त्या दोघांना न विचारता त्याच ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले. जानेवारी १९६६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. दोन्ही रूपं मिळतात. मला पहिलं अधिक आवडतं, कारण शांततेबद्दलच्या गाण्यात ड्रम मला खुपतात.

कंसांबद्दल: खूण धरायची नाही, शब्द धरायचे. ओटिस रेडिंगचं '(सिटिन ऑन) द डॉक ऑफ द बे' म्हणून 'एस'मध्ये. आम्ही मात्र 'डॉक'खाली एक जादा कार्ड ठेवायचो, त्यावर फक्त 'पाहा: सिटिन ऑन'. कारण माणसं ते गाणं 'डॉक' म्हणूनच मागत. रेडिंगने ते १९६७ च्या शेवटी गायलं आणि त्यानंतर काही दिवसांतच, १० डिसेंबरला, विमान अपघातात तो गेला. शेवटची ती शीळ ऐकाल तेव्हा आवाज जरा वाढवा, पाठीमागे समुद्र आहे.

आणखी एक, मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते. कित्येक गाण्यांत त्यांचं नावच येत नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मध्ये ते शब्द नाहीत, 'स्पेस ऑडिटी'मध्ये नाहीत, 'अनचेन्ड मेलडी'मध्येही नाहीत (ते नाव १९५५ च्या 'अनचेन्ड' या तुरुंगपटामुळे पडलं). डॉन मॅक्लीनचं 'व्हिन्सेंट' चित्रकार व्हॅन गॉगवर आहे. लोक ते ताऱ्यांच्या रात्रीचं गाणं म्हणून शोधतात आणि नाव विचारलं की गोंधळतात. ओळ गुणगुणून शोधणाऱ्याला गाण्याचा चेहरा आधी दिसतो, नाव नंतर. तुम्हाला आधी नाव कळेल. 'व्हिन्सेंट' एवढंच वाचून गाणं लावा, आणि कोण हा व्हिन्सेंट हे गाण्यालाच सांगू द्या.

सहावी तार

नोंदवहीताई, 'बी'-'सी'ची जोडी आजच विद्यार्थ्यांना ऐकवते. मी गिटार शिकवते.

माझी भर एवढीच: अक्षर गाण्याचं धरलंय, गायकाचं नाही, तर एका गाण्याचे सगळे अवतार तिथल्या तिथे ऐका. 'आर'मध्ये 'रिस्पेक्ट' आहे. ओटिस रेडिंगने ते १९६५ मध्ये लिहिलं आणि गायलं. त्यात कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं आणि त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून गायलं. ती अक्षरं रेडिंगच्या गाण्यात नाहीत. तीच चाल, तोच शब्द, आणि मागणारी व्यक्ती बदलली की अर्थ उलटा होतो!

'एच' तर याचं आगर आहे. 'हर्ट' आधी नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं, १९९४. आठ वर्षांनी जॉनी कॅशने थकलेल्या आवाजात गायलं आणि ते म्हाताऱ्या माणसाचा हिशेब झालं. लेनर्ड कोहेनचं 'हॅलेलुया' १९८४ चं. मग जॉन केल, १९९१. त्याचं ऐकून जेफ बकली, १९९४. तिन्ही ऐका, पण ऐकताना पहिल्या कडव्याकडे नीट लक्ष द्या. शब्दांत चौथा, पाचवा, मग मायनर, मग मेजर असा उल्लेख येतो, आणि त्याच क्षणी खाली कॉर्डही (एकत्र वाजणारे सूर) तेच वाजतात: सी पट्टीत चौथ्या सुरावरचा एफ, पाचव्यावरचा जी, मग ए मायनर, मग एफ हा मेजर. विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा हाताखाली सापडतं तेव्हा तो वाजवायचा थांबतो आणि माझ्याकडे बघतो. त्यासाठी मी हे गाणं शिकवते.

'आय'साठी: पहिला 'आय' सोडून दुसऱ्या शब्दाने लावा. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' मग 'डब्ल्यू'मध्ये जाईल. व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ चं सर्वांना ठाऊक आहे. डॉली पार्टनचं १९७४ चं मूळ जरूर ऐका. पोर्टर वॅगनर या सहगायकाबरोबरचं काम सोडताना तिने ते लिहिलं. निरोप आहे तो, आणि तिने तो निरोपासारखाच गायलाय, हळू.

खर्ज

'एक्स'मध्ये 'झॅनडू' नावाची दोन गाणी आहेत, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली. रश या कॅनडाच्या बँडचं १९७७ चं, अकरा मिनिटांचं. आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं १९८० चं, नाचायचं. नाव दोन्हीकडे इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेतून आलं.

'वाय'मध्ये 'यस्टरडे' सगळेच सांगतील, म्हणून मी रशचंच 'वायवायझेड' सांगतो. शब्द नाहीत. टोरांटो विमानतळाची ही तीन अक्षरी खूण, आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे तीच अक्षरं मोर्स कोडमध्ये. अक्षराने गाणी शोधणाऱ्याने हे चुकवू नये.

'झेड'साठी क्रॅनबेरीजचं 'झाँबी'. १९९३ मध्ये इंग्लंडातल्या वॉरिंग्टनमध्ये बॉम्बस्फोटात दोन लहान मुलं गेली, त्यावर आहे. नावावरून भलतंच काही वाटेल, तसं नाही.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. 'बी' आणि 'सी' सलग ऐकलं. कुकचं संपल्यावर पुढचं काही लावावंसं वाटेना. 'व्हिन्सेंट'बद्दल काही न वाचता ऐकणार आहे.

'आय'चा उपाय मला थोडा खटकतो, सहावी तार. 'मी'ने सुरू होणारं नाव वेगळं काही सांगत असतं, म्हणून 'आय'मध्येच ठेवून आत दुसऱ्या शब्दाने लावतो. चालेल ना? आणि नावात आकडा असेल तर? 'नाइंटी-नाइन लुफ्टबलोन्स' समोर आलंय.

सहावी तार

चालेल की, तेच बरं.

नोंदवही

जुन्या रीतीत आकडा अक्षरी धरत. आता संगणक आकडे 'ए'च्याही आधी ठेवतो. तुम्ही जुनी रीत घ्या, गाणी विखुरतात ते चांगलं. क्वीनचं '३९' मग 'टी'मध्ये येईल. त्यांचा गिटारवादक ब्रायन मे याचं आहे, १९७५ चं: यानातून गेलेली माणसं एका वर्षाने मोठी होऊन परततात, तर पृथ्वीवर शतक उलटलेलं असतं. मे तेव्हा खगोलभौतिकीचा अभ्यास अर्धवट सोडून आलेला होता; पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली.

तुमचं लुफ्टबलोन्स 'एन'मध्ये. जर्मनमध्ये नव्व्याण्णव 'एन'नेच सुरू होतं आणि इंग्रजीतही, त्यामुळे नेना या जर्मन बँडची दोन्ही रूपं एकाच जागी सापडतील. आधी जर्मन लावा, १९८३ चं.