मदत हवी आहे : शटडाऊन-कमिशनिंगच्या फिरत्या कामावर जाऊ का, आणि स्वतःची टूल्स कोणती घेऊ?

पारोळ्याचा वायरमन

राम राम मंडळी. लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

मी पारोळा तालुक्यातला, वय २५. आयटीआय इलेक्ट्रिशियन २ वर्षं, मग १ वर्ष अप्रेंटिस, एनटीसी (आयटीआयचं) आणि एनएसी (अप्रेंटिसचं) दोन्ही सर्टिफिकेटं घरात लोखंडी पेटीत आहेत. गेली ४ वर्षं जळगाव एमआयडीसीत एका पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. काम म्हणजे एक्स्ट्रुडरचे (प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन) हीटर बदला, चिकटलेला कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा स्विच) काढा, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बघा, ब्लोअरची मोटार उतरवा-चढवा आणि ड्राइव्हवर (मोटारचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) एरर आला की रिसेट मारा. रिसेटने नाही गेला की कंपनीच्या माणसाला फोन. तो पुण्याहून येतो, लॅपटॉप लावतो, २ तासांत जातो आणि साहेब त्याला स्वतः गेटपर्यंत सोडायला जातात. मी ४ वर्षांत त्याच्या मागे उभं राहून फक्त बॅटरी धरली. हे मला आता खटकायला लागलंय. पगार १७ हजार हातात.

आता झालंय असं की सुरतकडच्या एका ठेकेदाराकडून बोलावणं आलंय, आमच्या गावचाच एक जण त्याच्याकडे आहे. काम फिरतं, गुजरातेत हजिरा, दहेज बाजूला शटडाऊन (कारखाना थांबवून होणारी दुरुस्ती), पॅनल उभं करणं, केबलची टोकं जोडणं, मग पावसाळ्यात साखर कारखान्यांचं ऑफ सीझनचं ओव्हरहॉल, जिथं असेल तिथं. २८ हजार म्हणतो, राहायची सोय त्याची, जेवण आपलं. ड्रिल, हायड्रॉलिक क्रिम्पिंग, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वगैरे तो देणार पण हातातली टूल्स आणि मीटर स्वतःचं पाहिजे म्हणतो. माझ्याकडे सध्या कंपनीचाच डबा आहे, माझं स्वतःचं म्हणाल तर १ टेस्टर आणि १ पक्कड.

आप्पा म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नको. आईचं वेगळंच, फिरतीवरच्या पोराला कोण मुलगी देणार. मला स्वतःला भीती अशी की ५ वर्षं केबल ओढून ओढून तिशीत जाईन आणि तिथंही बॅटरीच धरत असेन. तर जे लोक या लाइनमध्ये आहेत त्यांनी सांगा की १५ हजारात काय काय घेऊ, काय आत्ता नको, आणि हा रस्ता पुढे नेमका जातो कुठे?

सिरीजलॅम्प

भाऊ, मी भुसावळचा, १९ वर्षं शटडाऊनच केले, दीपनगरपासून सुरुवात झाली, मग गुजरात, छत्तीसगड, ओडिशा. आता गुडघे बोलतात म्हणून घरी असतो.

आधी मीटरचं बोलतो कारण बाकी सगळं नंतर घेतलं तरी चालतं. मी नवीन असताना ४०० रुपयांचं मल्टिमीटर खिशात घेऊन फिरायचो. एका साइटवर दुपारी कंट्रोल सर्किटचा करंट मोजला, त्यासाठी लाल लीड १० अँपच्या भोकात घातली होती, जेवायला गेलो, आलो, आणि ती लीड तिथंच आहे हे विसरून एमसीसीच्या (मोटारींचं मोठं पॅनल) बसबारवर, म्हणजे आतल्या उघड्या पट्ट्यांवर, व्होल्टेज बघायला प्रोब टेकवले. करंटच्या भोकात लीड असली की मीटरच्या आत जवळपास सरळ तारच असते, म्हणजे मी माझ्या हाताने ४१५ व्होल्टच्या दोन फेजा एकमेकींना जोडल्या. मीटर हातात फुटलं. भुवया गेल्या, उजव्या हाताची कातडी आली ती दोन महिन्यांनी. चांगल्या मीटरमध्ये त्या भोकामागे एचआरसी (मोठा शॉर्ट सर्किट सोसणारा) फ्यूज असतो, तो उडतो आणि माणूस वाचतो. माझ्या मीटरमध्ये काचेचा बारका फ्यूज होता, रेडिओत असतो तसा. म्हणून मीटरवर कॅट ३ (सेफ्टीचं रेटिंग), ६०० व्होल्ट तरी छापलेलं पाहिजे, इनकमरवर (बाहेरून मेन सप्लाय येतो तिथं) काम करणार असशील तर कॅट ४, आणि छापलेलंही खरं पाहिजे, रस्त्यावरच्या मालावर काहीपण छापतात. फ्लूक घ्यायची ऐपत नसेल तर लाजू नको, आपल्या नाशिकचे मोटवाने, ऋषभ आहेत, शिवाय मेको आहे. लीडसुद्धा त्याच रेटिंगच्या घे. लीडचं रबर फाटलं की चिकटपट्टी मारायची नाही, लीड टाकून द्यायची.

दुसरं, क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखं लावून करंट मोजणारं) ट्रू आरएमएस घे, म्हणजे वेडावाकडा करंटही बरोबर मोजणारं. तुझ्या पुढच्या कामात व्हीएफडी, म्हणजे तुझा तो ड्राइव्ह, असणारच, आणि साधा क्लॅम्प मीटर ड्राइव्हच्या करंटला काहीतरीच आकडा दाखवतो, मग तू चांगली मोटार उतरवून वाइंडिंगला पाठवशील आणि शिव्या खाशील.

हातातली टूल्स टपारियाची घे. पक्कड, कटर, नोज प्लायर, १००० व्होल्ट इन्सुलेटेडचे ४ स्क्रू ड्रायव्हर, रिंग आणि ओपन पाने ६ ते २४ पर्यंत, ॲलन की सेट, फेरूल आणि लग क्रिम्पिंगचा लहान टूल, स्ट्रिपर, हेडलॅम्प. हेडलॅम्प विसरू नको, केबल गॅलरीत बॅटरी तोंडात धरून काम करणारे बघितलेत मी. स्वतःचं एक कुलूप आणि डेंजर टॅग ठेव, किल्ली खिशात, सुपरवायझरकडे पण द्यायची नाही. मेगर विकत घेऊ नकोस, ते ठेकेदाराचं काम. घोटाळा झाला तर कॅलिब्रेशनचा कागद त्याने दाखवायचा.

पारोळ्याचा वायरमन

सिरीजलॅम्प दादा, वाचूनच अंगावर काटा आला. खरं सांगतो, आज ड्युटीवर जाऊन कंपनीचं मीटर उलटं करून बघितलं तर त्यावर कॅट वगैरे काहीच छापलेलं नाही, ४ वर्षं तेच वापरतोय. पण एक विचारतो, नॉन कॉन्टॅक्ट टेस्टर, तो पेनासारखा, तो घेतला तर बंद आहे का चालू हे कळत नाही का? सोपं पडेल.

सिरीजलॅम्प

तो चालू आहे हे सांगायला बरा. बंद आहे हे त्याच्या भरवशावर मानायचं नाही. आर्मर्ड (धातूचं कवच असलेल्या) केबलवर तो गप्प बसतो, सेल उतरला तरी गप्पच बसतो. बंद खात्री करायची रीत एकच, मीटर आधी जिवंत पॉइंटवर लावून बघ, मग तुझ्या पॉइंटवर तिन्ही फेज एकमेकींत आणि अर्थला, आणि मग परत जिवंत पॉइंटवर. शेवटची पायरी लोक गाळतात, आणि मीटर मधेच मेलं असेल तर ते तिथंच कळतं. आणि पॅनलचा मेन आयसोलेटर पाडला म्हणजे सगळं मेलं असं नाही. कंट्रोल सप्लाय दुसऱ्या पॅनलमधून किंवा यूपीएसवरून येत असतो, इंटरलॉकच्या वायरी शेजारच्या फीडरच्या असतात. ड्रॉइंग बघितल्याशिवाय हात घालू नको. व्हीएफडी असेल तर बंद करून वर लिहिलेली मिनिटं थांब, आत डीसी बसवर (कपॅसिटरच्या भागात) ५५० च्या वर व्होल्ट साठलेले असतात. आणि ड्राइव्हला जोडलेल्या मोटारीला मेगर करायचं नाही, केबल ड्राइव्हवरून सोडव मगच. एका पोराने माझ्यासमोर ही चूक करून नवा ड्राइव्ह उडवला.

नको_रे_बाबा

ठेकेदारीत जाऊ नको. मी २ वर्षं होतो, शेवटचे ३ महिन्यांचे पैसे अजून मिळाले नाहीत. पीएफ कापला म्हणायचा, भरलाच नव्हता. १७ हजार घरी राहून बरे.

धुळ्याची पॅनलवाली

नमस्कार. मी नाशिकला पॅनल बनवणाऱ्याकडे टेस्टिंगला आहे, माहेर धुळे. नको_रे_बाबा म्हणतात ते खोटं नाही, पण त्यावर इलाज आहे. भाऊ, जाण्याआधी त्या ठेकेदाराकडून पीएफचा कोड माग आणि तुझा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच ठेव, नवीन काढू देऊ नकोस. पहिल्या महिन्यानंतर पासबुक ऑनलाइन उघड, त्यात एंट्री नसेल तर दुसऱ्या महिन्यात भांडण, तिसऱ्या महिन्यात बॅग. गावच्या त्या मुलाचं पासबुक आजच बघायला माग ना, तो दाखवेल. ठेकेदाराकडे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आहे का तेही विचार, नसेल तर तो दुसऱ्याच्या लायसन्सखाली लेबर पुरवतोय, आणि अशाकडे तुला अनुभवाचा धड कागद मिळणार नाही.

आणि आता माझं मुख्य. टूल्सची चर्चा सगळे हौसेने करतात, कागदाची कोणी करत नाही. तुझ्याकडे एनटीसी, एनएसी आहे तर तारतंत्री (वायरमनचा) परवाना काढलास का? नसेल तर जाण्याआधी विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसला जा. त्यापुढे पर्यवेक्षकाची परीक्षा. तो कागद हातात आला की तू कोणाच्या तरी हाताखालचा राहत नाहीस, कॉन्ट्रॅक्टरला लायसन्स ठेवायला पर्यवेक्षक लागतोच, आणि पुढेमागे स्वतःचं लायसन्स काढायचं तर वाट तिथूनच जाते. त्यासाठी अनुभव सिद्ध करावा लागतो म्हणून एक डायरी कर. कुठली साइट, किती तारखेपासून, कुठला पॅनल, किती किलोवॅटची मोटार, तू स्वतः काय केलंस. साइट सोडताना लेटरहेडवर पत्र घेऊनच निघायचं, नंतर कोणी फोन उचलत नाही.

डिप्लोमाचंही डोक्यात ठेव. २ वर्षांच्या आयटीआयवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि शासकीय तंत्रनिकेतन जळगावला आहे, धुळ्याला आहे, नंदुरबारलाही आहे. २ वर्षं कमाई थांबेल हे खरं, म्हणून आधी २-३ वर्षं फिरून पैसे साठवून मग, असंही काही जण करतात. माझ्या हाताखाली आता असा एक मुलगा आहे, ड्रॉइंग माझ्यापेक्षा पटकन वाचतो.

बॅटरी धरायची भीती म्हणालास ना. तो पुण्याचा माणूस जादू करत नाही. ड्राइव्हला मोटारच्या नेमप्लेटवरचे आकडे घालणं, रॅम्प टाइम (वेग चढायला-उतरायला लागणारा वेळ) लावणं आणि फॉल्ट कधी येतो ते बघणं एवढ्यावर त्याची निम्मी कामं होतात. ओव्हरव्होल्टेज एरर थांबताना येतो का चालताना? थांबताना येत असेल तर डिसेलरेशन टाइम (वेग उतरायचा वेळ) वाढवून बघायचा, मोटार थांबताना जनरेटर होते आणि डीसी बसचं व्होल्टेज चढतं. तुमच्याकडे असं किती वेळा रिसेट मारलं असेल! मॅन्युअलची पीडीएफ फुकट मिळते, रोज २ पानं वाच. पीएलसीचं (मशीन चालवणारा प्रोग्रामचा कंट्रोलर) म्हणशील तर डेल्टाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुना लॅपटॉप आणि सेकंडहँड लहान पीएलसी घेऊन घरी डीओएल, स्टार डेल्टा (मोटार चालू करायच्या दोन जोडण्या) लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या भाषेत, लिहून बघ. क्लासवाल्यांना ४० हजार देण्याआधी हे कर.

पारोळ्याचा वायरमन

ताई!! थांबतानाच येतो. २ नंबर लाइनचा हॉल ऑफ, म्हणजे पाइप पुढे ओढणारं मशीन. आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही, आम्ही दर शिफ्टला रिसेट मारतो. उद्या रॅम्प बघतो, पॅरामीटरला पासवर्ड नसला म्हणजे झालं.

परवाना नाही काढला, लाज वाटते सांगायला. नको_रे_बाबा भाऊ, तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली पण बरं झालं लिहिलंत.

शहाद्याचा खलाशी

खलाशी नावापुरता, मी सौदीत ६ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. भो, मी काय सांगस ते आयक. तिकडे पैसा शे, पन घाई करू नको. २-३ वर्षं इकडच्या शटडाऊनचा अनुभव घे, सेफ्टीची ट्रेनिंग, उंचीवर काम करायचा पास, हे सगळं तिकडे विचारतात. १० वी पास असल्यामुळे तुझा पासपोर्ट ईसीएनआर (परदेशी कामाला वेगळी सरकारी मंजुरी न लागणारा) निघेल. एजंट सरकारच्या ईमायग्रेट साइटवर नोंदलेला आहे का बघ, फी कायद्याने ३० हजार अधिक जीएसटीच्या वर घेता येत नाही, लाख-दीड लाख मागणाऱ्याला पावती माग, तिथंच तो गप होतो. व्हिजिट व्हिसावर जा म्हणाला तर घरी बस. सौदीसाठी इलेक्ट्रिशियनला ट्रेड टेस्ट द्यावी लागते, ती इथंच होते, डीओएल-स्टार डेल्टा डोळे मिटून जोडता आलं पाहिजे.

एक बारकी गोष्ट, कधी विमानाने पाठवलं तर टूल्स चेक इनच्या बॅगेत आणि कॉर्डलेस ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. माझं उलटं झालं होतं, मुंबई एअरपोर्टवर बॅग उघडून चांगली पक्कड काढून घेतली. अजून दुःख शे.

पारोळ्याचा वायरमन

अपडेट देतो, २० दिवस झाले.

गावच्या त्या मुलाचं पासबुक बघितलं, १४ महिने भरलेत, मधला १ नाही, तो विचारतोय. ठेकेदाराकडे लायसन्स आहे, फोटो पाठवला. परवान्याचा अर्ज केला. रॅम्प ५ सेकंदांवरून १२ केला, २ नंबर लाइन ८ दिवस एकदाही ट्रिप नाही, साहेब म्हणाले अरे वा, बस तेवढंच. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले मग इथंच राहा की, आता तर तुला येतंय. त्यांना काय बोलणार.

साहेबांना पगाराचं विचारलं, दिवाळीत बघू म्हणाले. मग मी कानबाई (आमच्या खानदेशातला श्रावणातला सण) झाली की जायचं ठरवलं, आई म्हणाली रोट (कानबाईचा प्रसाद) खाऊन जा. मीटर आणि क्लॅम्प घेतला, पाने घेतले, ११,४०० झाले. हेडलॅम्प पण. डबा लोखंडी नको, कॅनव्हासची बॅग घेतली, सुरत पॅसेंजरच्या गर्दीत डबा कुठं ठेवणार. आता एकच अडचण उरली, ड्रॉइंग. आमच्याकडे ड्रॉइंग कोणी उघडलंच नाही, पॅनलच्या दारात गुंडाळलेलं आहे, उंदरांनी अर्धं खाल्लं. कोणी शिकवेल का, निदान सुरुवात?

सिरीजलॅम्प

रविवारी भुसावळला ये, दुपारच्या आधी. उरलेलं अर्धं ड्रॉइंग आहे त्याचे फोटो काढून आण, त्याच्यावरच शिकवतो, उंदराने खाल्लेलं आपण दोघं भरून काढू. तू जोडलेला एखादा स्टार्टर आठवून कागदावर काढून आण, चुकला तरी चालेल. घरी भरीत आहे, जेवण करून ये म्हणणार नाही.