स्टिकरवरचे अँपिअर बघा
कॅबिनेटबरोबर आलेल्या ५०० वॅटच्या एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा डबा) आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड चालेल का असं इथे एकाने विचारलंय, तर आधी त्याच्या अंगावरचा स्टिकर वाचा, १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १६ असतील तर झाले १९२ वॅट, आणि हे कार्ड एकटंच १७० खातं, त्यात प्रोसेसर आहेच, मग गेम लावला की पीसी रिस्टार्ट होणारच ना! वर एका उत्तरात कुणीतरी एसएमपीएसवर ८० प्लसचा बिल्ला बघून घ्या म्हणालंय, ठीके, पण तो बिल्ला वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतले कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) कसलेत ते नाही. मल्टीमीटर असेल तर गेम चालू ठेवून एसएमपीएसची पिवळी, म्हणजे १२ व्होल्टची वायर तपासा, ११.४ व्होल्टच्या खाली गेली तर एसएमपीएस सरळ भंगारात.