‘टायपिंग’ला वर्गीकरण म्हणावे का?

प्रश्न : अन्नविषबाधेने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या शौचाच्या नमुन्यांत सापडलेल्या जीवाणूंच्या ‘जेनेटिक टायपिंग’वरील लेखात मी ‘जनुकीय वर्गीकरण’ असे लिहिले, तर संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून मजकूर परत पाठवला. ‘प्ररूप’ (टाइप) या शब्दावरून ‘प्ररूपण’ करावे, की ‘टायपिंग’च ठेवावे? ‘स्ट्रेन’साठीही शब्द हवा आहे.

उत्तर : प्रश्नचिन्ह रास्त आहे. वर्गीकरणात वस्तू आधीच आखलेल्या खान्यात बसवायची असते. येथे मात्र दोन ठिकाणचे जीवाणू एकाच कुळीचे आहेत का, हे ताडून पाहायचे असते. २०११ मध्ये उत्तर जर्मनीत अन्नविषबाधेची साथ आली, तेव्हा हॅम्बुर्गमध्ये स्पेनच्या काकड्यांवर शिगा विष तयार करणारे ई. कोलाय हे आतड्यातले जीवाणू सापडले आणि काकडीचे नाव जाहीरही झाले. पुढच्या चाचण्यांत रुग्णांमधला ओ१०४:एच४ नावाचा ई. कोलाय निराळा आणि काकडीवरचा निराळा, हे उघड झाले. तपासाचा माग अखेर इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांना आणलेल्या मोडांपर्यंत गेला. (मोडांची उसळ करणाऱ्या आपल्याकडच्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, हे मोड कच्चेच खाल्ले गेले होते.) वर्ग दोन्हीकडे एकच होता, वाण मात्र वेगळा. म्हणून ‘स्ट्रेन’ला ‘वाण’ आणि ‘टायपिंग’ला ‘वाणनिश्चिती’ म्हणावे, असे मला वाटते. ‘प्ररूपण’ चूक नाही, पण वाचकाला तो शब्दही पुन्हा समजावून सांगावा लागेल.

प्रश्न : ‘वाण’ म्हटले की ज्वारीच्या बियाण्याची पिशवी डोळ्यांपुढे येते, त्याचे काय?

उत्तर : येऊ द्या, अर्थ त्याने बिघडत नाही. उलट ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण येथे चपखल बसते, जरी तिच्यातला वाण म्हणजे रंग असला तरी. ओ१०४:एच४ हा मूळचा आतड्याला थरांनी चिकटणारा ई. कोलाय, शिगा विषाचे जनुक त्याला जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूकडून मिळाले. ओ आणि एच ही पेशीच्या पृष्ठभागावरील व कशाभिकेवरील (पोहण्याच्या शेपटीवरील) खूण झाली, म्हणजे म्हणीतला वाण. विष हा लागलेला गुण. नुसत्या खुणेवरून गुण कळत नाही, तेव्हा ‘जनुकीय’ हे विशेषण गाळू नका. ‘आयसोलेट’ला मात्र ‘विलगित’ लिहिणे टाळावे. करोनानंतर विलगीकरण म्हटले की वाचक रुग्णालाच खोलीत बसवतो. ‘रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला जीवाणू’ हे लांब असले तरी स्वच्छ आहे.