डिसेंबरात कोकण: आईला घेऊन गुहागर आणि मालवणला कसं जावं?

नमस्कार मंडळी,

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं भारतात जातोय. मुलं तेरा आणि नऊ वर्षांची आहेत. डोंबिवलीहून आईला बरोबर घेऊन गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला जायचं आहे. बाबा गेल्यापासून तिचं कुलदैवताला जाणं झालेलं नाही. तिथून पुढे मुलांना सिंधुदुर्ग किल्ला दाखवायला मालवण. एकूण आठ दिवस हातात आहेत, 26 डिसेंबरला निघायचं म्हणतोय.

आई 76 वर्षांची आहे आणि गुडघ्यांचा त्रास आहे. गाडीत सलग दोन-अडीच तासांच्या वर तिला बसवत नाही. मी ठरवलं होतं की मुंबईतच मोठी गाडी करावी आणि आठही दिवस तीच ठेवावी. भाऊ म्हणतो, एवढा रस्ता आईला झेपायचा नाही, रेल्वेने जा. पण रेल्वेने गेलो तर स्टेशनावर उतरून पाच माणसं आणि सामान घेऊन पुढे कसं जायचं? बोटीने काही होतं का? अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

— डोंबिवलीकर

*

दादा,

माझं सासर गुहागर तालुक्यातलं, दर वर्षाआड जाणं होतं. तुमचा भाऊ बरोबर सांगतोय. आईंना मुंबईहून गाडीने नेऊ नका.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट टळतो, बराच रस्ता सुंदर झालाय, हे खरं. पण नाताळ ते 31 डिसेंबर सगळी मुंबई आणि पुणं त्याच रस्त्यावर असतं, आणि माणगावच्या बाजारपेठेत गाडी अडकली की पुढचा हिशेबच राहत नाही. रेल्वेत आई उठतील, चार पावलं चालतील, प्रसाधनगृहाची सोय आहे. दुखऱ्या गुडघ्यांना एवढाच फरक फार मोठा असतो.

आता गाडी कुठली घ्यायची. परदेशातून जाणारे आपण सगळे आधी वंदे भारत शोधतो. जून 2023 पासून ती धावते आणि चांगलीच आहे, पण ती खेडला थांबते ती एकदम रत्नागिरीला. गुहागरचं स्टेशन म्हणजे चिपळूण, आणि तिथे ती थांबत नाही. कोकणात आधी आपलं स्टेशन ठरवायचं आणि मग त्या स्टेशनावर थांबणारी गाडी बघायची. आपण नेमकं उलटं करतो. चिपळूणला जनशताब्दी थांबते, मांडवीही थांबते. जनशताब्दी पहाटे पाचच्या सुमारास मुंबईहून सुटते, म्हणजे आईंना ठाण्याला यायला रात्रीच उठावं लागणार. मांडवी सकाळी सात वाजून गेल्यावर सुटते, ठाण्याला थांबते. शिवाय तिच्या डब्यातून दिवसभर खायचं फिरत असतं, मुलं खूश राहतात. मी मांडवीच घेईन.

मुलांना एक आधीच सांगून ठेवा: कोकण रेल्वेतून समुद्र दिसत नाही. आमची मुलं चिपळूण येईपर्यंत समुद्र कुठे, समुद्र कुठे करत होती आणि हिरमुसली. ही गाडी आतल्या डोंगरांतून जाते. त्याऐवजी त्यांना पुढच्या टप्प्यासाठी रत्नागिरी सोडल्यावर येणारा पानवल नदीवरचा पूल सांगा. त्याची उंची 64 मीटर आहे. खिडकीतून खाली बघताना पोटात गोळा येतो.

तिकिटाचं मात्र आजपासूनच बघा. पूर्वी 120 दिवस आधी आरक्षण उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं आहे. 26 डिसेंबरची तिकिटं 27 ऑक्टोबरला भारतात सकाळी आठला उघडणार, म्हणजे आपल्याकडे न्यू जर्सीत 26 तारखेच्या रात्री साडेदहाला. पण आपण इथून बसून उपयोग नाही. आरक्षण उघडतं त्या सुरुवातीच्या वेळेत आता आधार जोडलेलं खातंच चालतं, आणि तत्काळला तर जुलै 2025 पासून आधारशिवाय ऑनलाइन तिकीट काढताच येत नाही. भावाच्या खात्याला आधार जोडलेलं आहे ना, ते आत्ताच विचारा आणि त्यांनाच काढू द्या. मागच्या खेपेला आमचं विमान चार तास उशिरा उतरलं आणि सकाळची गाडी गेली. तत्काळ काढायला गेले तर माझ्याकडे आधार नाही, आणि घरातले सगळे लग्नाला गावी. दोन दिवस मुंबईत काढले. सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाची पूजा आम्ही पोचायच्या आधी होऊन गेली होती. म्हणून सांगते, विमान उतरलं त्याच दिवशीची गाडी कधीही धरू नका. मध्ये निदान एक रात्र ठेवा.

चिपळूण ते गुहागर साधारण 45 किलोमीटर. तुमचा खरा प्रश्न हाच आहे. स्टेशनाबाहेर रिक्षा असतात, पण पाच माणसं आणि परदेशी बॅगा एका रिक्षात मावत नाहीत. एसटी आहे, पण तिच्यासाठी आधी चिपळूणच्या आगारात जावं लागतं. जिथे उतरणार आहात त्या घरमालकांनाच गाडी पाठवायला सांगा. घरगुती खानावळ आणि खोल्या चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत गाडीवाला असतो. तो स्टेशनावर येतो, गाडी उशिरा आली तर थांबतो, आणि तुम्ही कोणाकडे आलात हे त्याला माहीत असल्यामुळे पैशांत फसवत नाही. मोठ्या बॅगा डोंबिवलीतच ठेवा.

गुहागरहून मालवणकडे निघताना वाटेत गणपतीपुळं करा, पण त्यासाठी परत चिपळूणला येऊ नका. वेळणेश्वर, हेदवी करत दक्षिणेला तवसाळला या आणि जंगलजेट्टीत गाडी घाला. (फेरीबोटीला आमच्याकडे सगळे जंगलजेट्टीच म्हणतात.) शास्त्री नदीची खाडी ओलांडली की समोर जयगड, तिथून गणपतीपुळे वीसेक किलोमीटर. रस्त्याने गेलात तर शंभराच्या वर किलोमीटर पडतील. बोटीवर आईंना गाडीतून उतरायचीही गरज नाही, पण त्या उतरतील. माझ्या सासूबाई दर वेळी उतरतात आणि कठड्याला धरून उभ्या राहतात. अशीच जेट्टी दाभोळ-धोपावेला आहे, वेसवी-बागमांडल्याला आहे, दिघी-आगरदांड्याला आहे. शेवटची फेरी कितीला, ते त्या दिवशी गाडीवाल्याला विचारून घ्या आणि अंधार पडायच्या आत पार व्हा.

पुळ्याहून आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी. तिथे गाडी सोडून द्या आणि पुन्हा रेल्वे धरा. मालवणचं मात्र मालवणवाल्यांनीच सांगावं.

— गुहागरची सून

*

भाऊनू,

मालवणसाठी कुडाळाक उतरा. बरेच लोक नकाशा बघून कणकवलीला उतरतात, पण कुडाळहून मालवण तिसेक किलोमीटर आहे, कणकवलीहून त्यापेक्षा लांब पडतं. मात्र वंदे भारत कणकवलीलाच थांबते. ती मिळाली तर गाडी कणकवलीला मागवा.

किल्ल्यावर जायच्या होड्या मालवणच्या धक्क्यावरून सुटतात. डिसेंबरात समुद्र शांत असतो, पण होडीत चढता-उतरताना पाय उचलावा लागतो. आईंना बळेच नेऊ नका. धक्क्यावर बसून किल्ला पूर्ण दिसतो, माझी आई तशीच बसते आणि आम्ही जाऊन येतो.

आईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा. 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास महाराष्ट्रात मोफत आहे, आणि बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. मालवण-तारकर्ली किंवा मालवण-आचरा असा जवळचा पल्ला लाल गाडीने केलात तर मुलांना गाव कळेल. शाळेची पोरं, बाजारातून परतणाऱ्या बायका, मासळीच्या टोपल्या, सगळं तिथेच भेटतं. फक्त संध्याकाळची शेवटची गाडी ही बहुधा वस्तीची असते. ती गावातच मुक्काम करते आणि सकाळी परत सुटते. तिच्यात चढलात तर परतायला रिक्षाच करावी लागेल.

चिपीच्या विमानतळाच्या भरवशावर बेत करू नका. ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो, माझ्या गावापासून तो अर्ध्या तासावर आहे. पण विमानं मोजकी आणि सारखी बदलतात, मला फार वाईट वाटतं. परतीला गोव्याचं मोपा बघा. मालवणहून दोनेक तासांत पोचता, मुंबईची विमानं आहेत, आणि आईंचा परतीचा सगळा प्रवास वाचतो.

— आचऱ्याकडचा

*

सर्वांस सप्रेम नमस्कार,

बोटीचं विचारलंत म्हणून लिहितो. आज भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो जाते, तीत गाडीही नेता येते. 2020 साली सुरू झाली. अलिबाग, नागाव, मुरूडला जायचं असेल तर उत्तमच. पण गुहागर फार पुढे आहे, तुमच्या बेताला तिचा उपयोग नाही.

आमच्या लहानपणी याच भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटत असे. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, तशीच पुढे पणजी. बोट किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना घ्यायला पडाव, म्हणजे होडी, येई. विजयदुर्गला भर रात्री आईने मला तांडेलाच्या (पडावाच्या मुख्य नावाड्याच्या) हातात दिलेलं आजही आठवतं. तुमच्या आईंना विचारा, त्याही या बोटीने गेल्या असतील. जयगडची खाडी ओलांडताना त्यांना विचारा.

— विजयदुर्गकर

*

मंडळी, याच धाग्यात विचारते. आमच्या मुलांना सुट्टी फक्त जुलै-ऑगस्टमध्ये असते. तेव्हाही हेच सगळं चालेल का?

— सभासद, एडिसन

*

ताई, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळाही बदलतात. जुनी वेळ धरून विमान ठरवू नका. मालवणच्या किल्ल्याच्या होड्या बंद, गेटवेहून मांडव्याच्या लाँचही बंद. हिरवाई मात्र तेव्हाचीच खरी. पुण्याहून ताम्हिणी किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने जाणार असाल तर दरड कोसळली नाही ना, हे त्या सकाळी विचारूनच निघा. आणि गणपतीच्या आठवड्यात जायचं असेल तर तिकीट उघडतं त्या मिनिटाला कोणीतरी बसलेलंच हवं.

— गुहागरची सून

*

सगळ्यांचे मनापासून आभार.

भावाशी बोललो. त्याच्या खात्याला आधार जोडलेलं आहे. 27 ऑक्टोबरला तो मांडवीची पाच तिकिटं ठाणे ते चिपळूण काढणार आहे, दोन खालचे बर्थ मागून. गुहागरला जिथे उतरणार त्या काकूंनी स्टेशनावर गाडी पाठवायचं कबूल केलं आहे, तवसाळमार्गे पुळ्यालाही तीच येईल. परतीला मोपा.

आईला फोनवर आगबोटीचं विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी ती बोटीनेच गेली होती, दाभोळला उतरून, हे मला आजवर माहीत नव्हतं. पडावात पाय ठेवताना बाबांनी हात धरला होता, म्हणाली. आता तिला जयगडच्या आधी दाभोळची खाडीही बघायची आहे. काकूंना विचारतो, गुहागरहून धोपाव्याला एका दुपारी जाऊन येता येईल का.

— डोंबिवलीकर