शून्याच्या आसपास थंडी: मुलांना किती कपडे घालायचे?

मिहीका: मुलगी चार वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. बाहेर ० ते ५ अंश, शिवाय वारा. जाड जाकीट घातलं की मुलगी खेळून घामाघूम होते आणि थांबली की कुडकुडते. बाळाचे हात कायम गार. आणखी एकेक स्वेटर चढवू का?

लोकरवेडा: मुलीला सुती बनियन घालता का? मग घोळ तिथेच आहे. सुती कपडा घाम पितो आणि लवकर वाळत नाही. खेळ थांबला की अंग गार पडतं. अंगालगत बारीक लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार पॉलिएस्टरचं कापड) किंवा लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. जाकीट थोडं सैलच हवं, कारण ऊब धरते ती थरांमधली हवा. स्वेटर चेपला की ती गेली. पळापळ सुरू होण्याआधीच स्वेटर काढा, घाम आल्यावर काढून उपयोग नाही.

दुलई: बाळाच्या हातांवरून काही ठरवू नका, ते गार असतातच. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावा. उबदार आणि कोरडं लागलं तर ठीक, दमट लागलं तर एक थर काढा, गार लागलं तर चढवा. बाबागाडीतलं बाळ फारसं हलत नाही, म्हणून बाहेर आपल्यापेक्षा एक थर जास्त. घरात आल्यावर मात्र टोपी आणि वरचे कपडे लगेच उतरवा, झोपलेलं असलं तरी. (उठलं तर उठलं!) रात्री झोपताना टोपी नको, सुटं पांघरूणही नको.

लोकरवेडा: पायमोज्यांचे दोन जोड बुटात कोंबू नका. बोटं आवळली की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. एकच जाड लोकरी जोड, बोटं हलतील एवढी जागा. हातमोजे चारही बोटं एकत्र राहणारे घ्या. मफलर घसरगुंडीत अडकून गळफास बसू शकतो. त्याऐवजी डोक्यातून घालायची गळपट्टी.

मिहीका: कारमध्येही जाकीट राहू द्यायचं का?

दुलई: फुगीर असेल तर मुळीच नाही. धडकेत ते दबतं आणि मुलांच्या कारसीटचे पट्टे ढिले पडतात. ताडून बघा: जाकिटासकट पट्टे आवळा, ते तसेच ठेवून मुलीला उतरवा, जाकीट काढून परत बसवा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर ढील आहे. पातळ फ्लीसवर पट्टे लावा आणि जाकीट वरून उलटं पांघरा, बाह्या पुढून घालून.